'एलियन' आणि 'द थिंग': एकाच चेंडूतून निघालेल्या दोन भीती

'एलियन' (१९७९) जास्त भीतिदायक की 'द थिंग' (१९८२), हा वाद विज्ञानभयपटांच्या चाहत्यांत गेली चाळीसेक वर्षं मिटलेला नाही. गंमत म्हणजे दोन्ही सिनेमांच्या मुळाशी एक रंगवलेला चेंडू आहे.

लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात सिनेमा शिकणाऱ्या जॉन कार्पेंटर आणि डॅन ओबॅनन यांनी १९७०च्या सुमारास 'डार्क स्टार' नावाचा विद्यार्थीपट करायला घेतला. जमेल तिथून पैसे उभे करत तो वाढवला आणि १९७४ मध्ये तो पडद्यावर आला. त्यातल्या यानावर परग्रहावरचा एक प्राणी पाळलेला असतो. खिशात दमडी नव्हती. तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा हवेचा चेंडू रंगवला, खाली पंजे चिकटवले, झाला प्राणी. ओबॅनन स्वतः त्याच्यामागे धावतो आणि लिफ्टच्या बोगद्यात लोंबकळत राहतो. हेतू विनोदाचा होता, पण लोक अपेक्षेइतके हसले नाहीत. ही बोच ओबॅननला राहिली. हसवता येत नसेल तर घाबरवून बघू, या जिद्दीतून 'एलियन'ची संहिता आकाराला आली.

पुढे 'द थिंग' दिग्दर्शित करणाऱ्या कार्पेंटरच्या मनात मात्र त्याहून जुनं काही घर करून होतं. त्याच्या 'हॅलोवीन'मध्ये (१९७८) मुलं टीव्हीवर जो कृष्णधवल सिनेमा बघत बसतात, तो 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' (१९५१). त्याचा आधार होती जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची 'हू गोज देअर?' ही दीर्घकथा. ती 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन'च्या ऑगस्ट १९३८च्या अंकात आली. संपादक कॅम्पबेलच, लेखक म्हणून मात्र डॉन ए. स्टुअर्ट हे त्याचं टोपणनाव. अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेला जीव कुठल्याही प्राण्याची हुबेहूब नक्कल करतो, अगदी आठवणींसकट. तळावर माणसं मोजकी, आणि त्यांतली माणूस उरलेली किती, हे कुणालाच ठाऊक नाही.

हॉवर्ड हॉक्सच्या निर्मितीत १९५१ साली सिनेमा निघाला तेव्हा कथेचा हा गाभाच गळाला. अंटार्क्टिकाऐवजी उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश आला, आणि नकलाकार जीवाच्या जागी रक्तावर जगणारा, वनस्पतीजातीचा एक धिप्पाड इसम. ते काम जेम्स आर्नेसने केलं. रूप पालटणारा प्राणी त्या काळात दाखवणार तरी कसा, ही अडचण होतीच. पण काळालाही बाहेरचा शत्रूच हवा होता. १९४७ पासून अमेरिकेत उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत होत्या, १९४९ मध्ये रशियाने अणुस्फोट केला होता, कोरियात युद्ध सुरू होतं. शत्रू दाराबाहेर आहे, दार घट्ट लावा, एवढा सरळ हिशेब. त्यात आजही अंगावर येतो तो गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र. प्राणी जवळ येऊ लागला की त्याची टिकटिक वाढते आणि सगळे दाराकडे बघत राहतात. नंतर 'एलियन'मध्ये शोधयंत्राच्या पडद्यावर ठिपका सरकत येतो, ती याच टिकटिकीची पुढची पिढी.

कॅम्पबेलचा हरवलेला गाभा पाच वर्षांनी वेगळ्याच वाटेने परतला. जॅक फिनीच्या कादंबरीवरून डॉन सीगलने 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) केला. त्यात परग्रहावरचे जीव माणसांच्या जागी त्यांच्या हुबेहूब नकला बसवतात. कॅलिफोर्नियातल्या एका गावातला लहान मुलगा किंचाळत सुटतो, ही माझी आई नाही म्हणून. पुढे तोच मुलगा आईजवळ शांत दिसतो आणि खरा काटा तिथे येतो. कुणी यात कम्युनिस्टांची भीती पाहिली, कुणी कम्युनिस्ट हुडकत फिरणाऱ्या सेनेटर मॅकार्थीच्या चौकशांची. दोन्ही अर्थ बसतात. स्टुडिओने घाबरून सुरुवातीला आणि शेवटी दिलाशाची चौकट जोडली. फिलिप कॉफमनने १९७८ मध्ये तोच सिनेमा नव्याने करताना ती काढून टाकली, आणि तो शेवट पाहिलेला माणूस डोनाल्ड सदरलँडचा चेहरा विसरत नाही.

'स्टार वॉर्स'ने (१९७७) अवकाशपटांना बाजार मिळवून दिला नसता तर 'एलियन'ला कुणी पैसे दिले असते असं वाटत नाही. यानात शिरलेला प्राणी तिथल्या कामगारांना एकेक करून मारतो, अशी त्याची गोष्ट. दिग्दर्शक रिडली स्कॉटने त्यात यान चकाचक ठेवलं नाही. जेवणाच्या टेबलावर कामगार बोनसवरून हुज्जत घालतात. चित्रकार एच. आर. गीगरने प्राण्याला डोळे दिले नाहीत, त्यामुळे तो बघतोय कुणाकडे हे कळायची सोय नाही. पोशाखात होता बोलाजी बाडेजो हा जवळपास सात फूट उंचीचा नायजेरियन तरुण. तो पूर्ण दिसतो अगदी थोडा वेळ. पण सिनेमातला सर्वांत प्रसिद्ध क्षण लख्ख उजेडात घडतो: जेवता जेवता एका कामगाराची छाती फोडून प्राण्याचं पिल्लू बाहेर येतं. ते काम करणाऱ्या जॉन हर्टचं डोकं आणि हात खरे, बाकी धड खोटं, त्यात खाटकाकडून आणलेले अवयव आणि रक्ताचे पंप. काहीतरी बाहेर येणार हे नटांना माहीत होतं, किती रक्त उडणार ते नव्हतं. म्हणून त्या टेबलावरच्या नटी व्हेरोनिका कार्टराइटचा चेहरा तसा दिसतो.

जे दाखवत नाही तेच भीती घालतं, हा सिद्धान्त 'एलियन'चं नाव घेऊन सर्रास सांगितला जातो. 'द थिंग' तो धुडकावून लावतो. इथे प्राणी झगझगीत उजेडात, इंच न् इंच दिसतो. हे प्राणी घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम विशीतला. वर्षभराहून अधिक काळ तो कारागिरीत बुडाला आणि शेवटी थकून इस्पितळात गेला. नॉरिस या पात्राला शुद्धीवर आणायला विजेचा झटका देताना त्याची छाती जबड्यासारखी उघडून डॉक्टरचे हात तोडते, त्या शॉटसाठी दोन्ही हात नसलेला माणूस घेऊन त्याला मेणाची हाडं आणि जिलेटिन भरलेले खोटे हात लावले. मग तुटलेल्या डोक्याला कोळ्याचे पाय फुटतात, आणि एक पात्र प्रेक्षकाच्या मनातली शिवी हासडतं.

हे सगळं किळसवाणं आहे. भीती मात्र पुढच्या प्रसंगात आहे. बहुतेक सगळे बांधलेले. बशांमध्ये प्रत्येकाचं रक्त. नायक कर्ट रसेल तापलेली तार एकेका बशीत बुडवतो. चर्र आवाज आला की तो माणूस सुटला. बॉटिनची करामत एका क्षणाची, बाकीचा वेळ नुसते चेहरे. ही चाचणी थेट कॅम्पबेलच्या कथेतली, १९५१ ने वगळलेली. आपण काय पाहिलं नाही, यापेक्षा जे पाहतोय त्यावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न इथे छळतो. 'एलियन'मध्ये निदान पळायचं कुणापासून हे ठाऊक असतं. तिथेही सर्वांत अस्वस्थ करणारा शोध सहकारी ॲश यंत्रमानव निघाल्याचा, आणि तो मूळ संहितेत नव्हता, वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर या निर्मात्यांनी घातला. माझं मत म्हणूनच 'द थिंग'ला.

१९८२ च्या प्रेक्षकांचं मत वेगळं होतं. परग्रहावरच्या गोंडस प्राण्याचा 'ई.टी.' दोन आठवडे आधी लागला होता आणि लोकांना गोड पाहुणा हवा होता. २५ जूनला 'द थिंग' आणि 'ब्लेड रनर' एकाच दिवशी लागले, दोन्ही आपटले. समीक्षकांनी कार्पेंटरला झोडपलं. व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीने 'द थिंग'ला नंतर प्रेक्षक मिळवून दिला.

२०११ मध्ये याच नावाने पूर्वकथा आली. तिच्यासाठी हाताने घडवलेले प्राणी बऱ्याच ठिकाणी संगणकाने झाकले गेले आणि चाहते अजून त्यावरून चिडतात. पण त्यातली एक युक्ती कॅम्पबेललाही आवडली असती. या जीवाला धातूची नक्कल करता येत नाही, म्हणून नायिका टॉर्च घेऊन प्रत्येकाच्या दातांत सिमेंट-चांदी भरलेली आहे का ते बघते. दात किडलेले सुटतात. ज्यांनी आयुष्यभर नीट ब्रश केला, ते संशयित.