टर्नटेबल

तबकडी एकसारख्या गतीने फिरवून तिच्यावरच्या खाचेतला आवाज सुईने उचलणारे यंत्र. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बहुधा एकाच पेटीत असत; टर्नटेबलला ते बाहेरून जोडावे लागतात. या छंदात नव्याने शिरणारे बहुतेक जण आधी यंत्र घेतात आणि मग तबकड्या शोधतात. उलट क्रम जास्त सोयीचा, कारण कोणते यंत्र घ्यायचे हे हाताशी असलेल्या तबकड्यांवरच ठरते.

तबकड्यांचे प्रकार

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत माळ्यावर तीन तऱ्हेच्या तबकड्या सापडतात. सर्वांत जड आणि ठिसूळ ती लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी, बहुधा दहा इंची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. भारतात १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले ते याच काळातले. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे तेवढ्याच वेळात बसवलेले राग लाखेवरच घरोघरी पोचले. व्हिनिलची एलपी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ साली आणली: बारा इंच, ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी काढली. त्याच आकाराच्या ईपीवर (एक्स्टेंडेड प्ले) आपल्याकडे चित्रपटगीते आणि भावगीते भरपूर निघाली.

७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा साधारण तिप्पट रुंद असते. तिला टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन असलेली सुई लागते. एलपीच्या साध्या, शंकूच्या आकाराच्या सुईची सुमारे १८. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलटे केले, म्हणजे जाड सुई एलपीवर ठेवली, तर तबकडीच खराब होते. कर्णा असलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी कधीच लावू नये. त्याची पोलादी सुई आणि ती धरणारा जड साउंडबॉक्स व्हिनिलची खाच खरवडून काढतात.

यंत्राची निवड

तबकडी जिच्यावर ठेवतात ती चकती मोटर रबरी पट्ट्याने फिरवते तो बेल्ट ड्राइव्ह. चकती थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेली असते तो डायरेक्ट ड्राइव्ह. पट्टा मोटरची थरथर बरीचशी शोषतो, पण काही वर्षांनी सैल पडतो. डायरेक्ट ड्राइव्ह चटकन गती घेतो, म्हणून १९७२ साली आलेले टेक्निक्सचे एसएल-१२०० डीजेंचे आवडते झाले. घरी ऐकण्यासाठी दोन्ही चांगले. या वादावर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात.

त्याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. सुईचा दाब कमीजास्त करता येतो का, कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा भाग) बदलता येते का आणि ७८ची गती आहे का? ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्समध्ये बटण दाबले की सुई धरणारी भुजा आपोआप तबकडीवर जाते, पण दाब कारखान्यातच ठरलेला असतो आणि गती दोनच. त्याच कंपनीच्या एलपी१२०एक्सला तिन्ही गती आहेत, कार्ट्रिजही बदलता येते. घरात लाखेच्या तबकड्या असतील तर या जातीचे यंत्र आणि ७८ची वेगळी सुई घ्यावी. रेगाच्या प्लॅनर १वर ४५ लावायची तर चकती उचलून पट्टा हाताने सरकवावा लागतो. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, दाब जास्त आणि स्पीकर त्याच पेटीत. जपायच्या तबकड्यांसाठी ते नकोत.

फोनो स्टेज

नवशिक्याची पहिली तक्रार हमखास ठरलेली: सगळे जोडले, पण आवाज पातळ आणि कुजबुजल्यासारखा येतो. तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर वाढवलेले असतात. तसे केले नाही तर खर्जाच्या रुंद लाटा जागा खातील आणि बारीक आवाज सरसरीत हरवतील. हे प्रमाण १९५४पासून रिआ (RIAA, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) या नावाने सर्वमान्य झाले. फोनो स्टेज ते उलटवते आणि कार्ट्रिजमधला काही मिलिव्होल्टचा क्षीण संकेत वाढवते. ती टर्नटेबलमध्ये, ॲम्प्लिफायरमध्ये किंवा वेगळ्या डबीत असते. यांपैकी एकच वापरायची. दोन लागल्या तर आवाज फाटतो. घुंईऽऽ असा आवाज आला तर अर्थिंगची बारीक तार जोडायची राहिली आहे का ते पाहावे.

जुळणी

यंत्र पातळीत ठेवावे, स्पीकर त्याच टेबलावर नकोत. भुजा हवेत आडवी तरंगेपर्यंत मागचे वजन फिरवावे, त्यावरची आकड्यांची कडी तेवढी शून्यावर आणावी आणि मग कार्ट्रिजच्या पत्रकात दिलेल्या आकड्यापर्यंत वजन फिरवावे. एटी-व्हीएम९५ईसाठी तो २ ग्रॅम आहे. अँटीस्केटिंगही, म्हणजे भुजेची आत ओढली जाण्याची ओढ रोखणारी योजना, साधारण त्याच आकड्यावर. सुई उडते म्हणून भुजेवर नाणे चिकटवण्याची जुनी युक्ती गाणे सुरू ठेवते खरी, पण खाचेच्या जिवावर.

एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ फक्त २०-२१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून आतल्या भागात आवाज चिरकतो. ख्यालाच्या एलपीत द्रुत बंदिशीच्या ताना नेमक्या तिथे येतात. लंबगोल टोकाची सुई घेतल्याचा फायदा सर्वांत आधी तिथेच कळतो.

जुन्या तबकड्या

मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुठेही जुनी तबकडी घेताना ती तिरपी धरून उजेडात पाहावी. नुसत्या केसासारख्या रेघा बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा टकटक करणारच. खाचा करड्या दिसत असतील तर तबकडी झिजली आहे. लेबलवर भोकाभोवती दांडा चाचपडल्याचे वळ दाट असले तर ती भरपूर वाजली आहे, विक्रेता काहीही म्हणो.

वाजवण्यापूर्वी कार्बन ब्रशने धूळ काढावी. व्हिनिल डिस्टिल्ड वॉटरने धुता येते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या चळतीत आणि उन्हातल्या गाडीत त्या वाकतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी धरते, म्हणून आतला दमट कागद काढून पॉलिथिनचे पाकीट घालावे आणि कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढावे.