फ्रेडीचा पियानो आणि डीकनचा पियानो

क्वीन बँडच्या १९७५ सालच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बममधली दोनच गाणी पाठोपाठ ऐका: 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आणि 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'. दोन्हींत पियानो आहे असं सर्रास म्हटलं जातं. दुसरं ऐकून काहीजण 'हा तर कीबोर्ड' म्हणतात. आपल्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की सगळंच कॅसिओ. पण ते वाद्य कॅसिओ नाही आणि नेहमीचा पियानोही नाही. तो वुर्लिट्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो आहे.

'बोहेमियन'मधला पियानो बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीने वाजवलाय. हा मूळचा फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना पियानो शिकलेला. सुरुवातीचा कोरस संपून गाणं काळी पाचमध्ये स्थिरावतं, तिथे नीट कान द्या. डावा हात मधूनच उजव्यावरून पलीकडे जातो आणि वरचे सूर टिपून परत येतो. ते सूर हवेत रेंगाळतात. कारण आत फेल्ट लावलेली हातोडी तारेवर बसते, बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात, अशा सुमारे २३० तारा, आणि त्यांच्याबरोबर लाकडाची भलीमोठी फळी घुमते. पेडल दाबलं की न वाजवलेल्या ताराही बोलू लागतात, सतारीच्या तरफा झंकारतात तशा.

हातोडी वुर्लिट्झरमध्येही आहे, म्हणून त्याला नकली पियानो म्हणणं मला पटत नाही. फरक इतकाच की ती तारेवर न बसता पोलादाच्या रीडवर बसते. पेटीतली रीड वाऱ्याने थरथरते, ही मार खाऊन थरथरते. घुमायला फळी नसल्यामुळे नुसता आवाज अगदी क्षीण येतो. रीडजवळचा पिकअप ती थरथर विजेत पकडतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तिला मोठं करतो. रीडच्या टोकाला सोल्डरचा एक थेंब असतो. कानस मारून तो थोडा कमी केला की सूर चढतो. पेटीचे सूर लावताना पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल, तिथेही रीड टोकाशी घासली की सूर चढतोच.

हलक्या हाताने वाजवला तर हा आवाज गोल, मऊ लागतो. जोर दिला की त्याला खरखरीत धार येते. 'बेस्ट फ्रेंड' सुरू होतं ते याच धारेवर. गाणं बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनने बायकोसाठी लिहिलेलं. फ्रेडीने हे वाद्य वाजवायला साफ नकार दिला, चांगला ग्रँड पियानो असताना हे कशाला, म्हणून. मग डीकनने ते घरी नेलं आणि स्वतः शिकला. फ्रेडी माझा फार लाडका, पण इथे मी डीकनच्या बाजूने आहे. ते ठोक्यात येणारे भरीव कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, ग्रँडवर पसरले असते. इथे ते आखूड, टोकदार येतात आणि खाली बासला मोकळी जागा मिळते.

अमेरिकन गायक रे चार्ल्सच्या १९५९ च्या 'व्हॉट्ड आय से'मध्येही वुर्लिट्झरच आहे. जागोजागचे बेसूर पियानो नकोत म्हणून तो दौऱ्यावर स्वतःचा घेऊन फिरायचा.

इलेक्ट्रिकमध्येच आणखी एक भाऊबंद आहे, ऱ्होड्स. त्यात हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर पडते आणि सूर छोट्या घंटेसारखा निघतो. गायक बिली जोएलचं 'पियानो मॅन' (१९७३) खऱ्या पियानोवर आणि 'जस्ट द वे यू आर' (१९७७) ऱ्होड्सवर, म्हणजे गायक ओळखून वाद्य ओळखता येत नाही.

स्टेजवर मात्र 'बेस्ट फ्रेंड' फ्रेडी आपल्या ग्रँडवरच वाजवायचा. १९७९ च्या 'लाइव्ह किलर्स' या क्वीनच्या लाइव्ह अल्बममध्ये ते आहे. कॉर्ड तेच, ती खरखर तेवढी नाही.