इंग्रजी फ्रेज म्हणजे बाजारातला वाटा

म्हापशाच्या बाजारात बांगडे घ्यायला गेलं की फळीवर वाटे मांडून ठेवलेले दिसतात, आणि ह्या वाट्यातले दोन नि त्या वाट्यातले तीन असं निवडायला गेलात तर बाई हात धरते, घ्यायचा तर अख्खा वाटा उचला. इंग्रजीतली फ्रेज, म्हणजे एकत्र राहणाऱ्या शब्दांचा गठ्ठा, पण तशीच असते, हे मला पुतणीचा आठवीचा अभ्यास घेताना सुचलं. ती बिचारी नाउन फ्रेज, व्हर्ब फ्रेज, प्रेपोझिशनल फ्रेज, अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज, अ‍ॅडव्हर्ब फ्रेज अशी पाचही नावं पाढ्यासारखी घडाघडा म्हणत होती, पण वाक्य समोर ठेवलं की गप्प.

मी तिला वाक्य दिलं, 'द ओल्ड वुमन विथ द ब्ल्यू अंब्रेला सोल्ड टेन मॅकरल्स इन द मार्केट', आणि म्हटलं, बाय, आता हे जेवढं आखूड करता येईल तेवढं कर. तिने लिहिलं, 'शी सोल्ड देम देअर'. तेरा शब्दांचे चार! आता बघा, 'शी'ने एकटीने पहिले सात शब्द गिळले, छत्रीसकट. शाळेत आपण शिकलो की नामाऐवजी येतं ते सर्वनाम, पण इथे नुसत्या 'वुमन'च्या जागी 'शी' टाकून बघा, 'द ओल्ड शी विथ द ब्ल्यू अंब्रेला', असं कोणी बोलतं का? म्हणजे सर्वनाम नामाच्या जागी येत नाही, अख्ख्या नाउन फ्रेजच्या जागी येतं. मला स्वतःला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

एका शब्दाने जो गठ्ठा उचलला जातो तो एक वाटा, ओळखायची खूण बहुतेक वेळा एवढीच. वाट्याला नाव मिळतं ते त्यातल्या मुख्य शब्दावरून: 'वुमन' नाम म्हणून नाउन फ्रेज, 'इन द मार्केट' मध्ये 'इन' मुख्य म्हणून प्रेपोझिशनल, 'व्हेरी ब्ल्यू' अ‍ॅडजेक्टिव्ह, 'क्वाइट स्लोली' अ‍ॅडव्हर्ब. आणि वाट्यात वाटा असतोच, 'विथ द ब्ल्यू अंब्रेला' हा त्या म्हातारीच्या वाट्यातला, आणि त्याच्या आत परत 'द ब्ल्यू अंब्रेला'.

पोरांचा गोंधळ होतो तो दुसरीकडेच. जुनी शालेय पुस्तकं फ्रेजला तिच्या कामावरून नाव देतात, म्हणजे 'विथ द ब्ल्यू अंब्रेला' म्हातारीबद्दल सांगतं म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज, आणि भाषाशास्त्रवाले तिलाच प्रेपोझिशनल म्हणतात. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण एकाच वहीत दोन्ही आले की मूल रडकुंडीला येतं. पेपरात कुठलं चालतं ते आधी बाईंना विचारून घ्या.

हे वाटे आपल्या डोक्यात खरंच असतात की व्याकरणवाल्यांनी पाडले? जेरी फोडर आणि थॉमस बेव्हर या दोन संशोधकांनी 1965 मध्ये एक गमतीशीर प्रयोग केला, लोकांना एका कानात वाक्य ऐकवलं आणि मध्येच दुसऱ्या कानात टिक असा आवाज, नंतर विचारलं टिक कुठे ऐकू आली. टिक गठ्ठ्याच्या मधोमध झाली असली तरी बऱ्याच जणांना ती दोन गठ्ठ्यांच्या सांध्याकडे सरकलेली ऐकू आली. त्याचा अर्थ काय लावायचा यावर पुढे वाद झाले, पण कल्पना झकास आहे.

आपल्याला इंग्रजी फ्रेज उलटी वाटते त्याचं कारण तर घराजवळच आहे. आपण 'बाजारात' म्हणतो, 'त' शेवटी, इंग्रजीत 'इन' आधी. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्गने 1963 मध्ये 30 भाषा ताडून दाखवलं की ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं त्यांच्यात असे शब्द बहुतेक करून नामानंतर येतात, मराठी तशी आणि आपली कोंकणीही. पोर्तुगीज मात्र इंग्रजीसारखी, पणजीत फोंतेन्यासला 'रुआ द ओरें' आहे ना, आपण म्हणू ओरेंचा रस्ता, तिथे रस्ता आधी आणि 'चा'चं काम करणारा 'द' मध्ये (हा इंग्रजीतला 'द' नव्हे हं).

शेवटी पुतणीला एक वाकडं वाक्य दिलं: 'द पोलीसमन स्टॉप्ड द टूरिस्ट ऑन अ स्कूटर'. स्कूटरवर कोण? मराठीत लिहायचं तर ठरवावंच लागतं, 'स्कूटरवरच्या टूरिस्टला अडवलं' की 'स्कूटरवरून येऊन अडवलं', इंग्रजी मात्र खुशाल मोघम राहते. तिने थोडा वेळ पेन चावलं आणि दोन ओळी लिहिल्या, 'ही स्टॉप्ड हिम' आणि 'ही स्टॉप्ड हिम ऑन अ स्कूटर'. पहिल्यात 'हिम'ने स्कूटर गिळली म्हणजे ती टूरिस्टच्या वाट्यातली, दुसऱ्यात बाहेर उरली म्हणजे पोलीस तिच्यावर बसलेला. मग म्हणाली, काका, पण हेल्मेट कुणाकडेच नाही.