बफेलो निकेल

बफेलो निकेल हे अमेरिकेचं पाच सेंटचं जुनं नाणं, १९१३ ते १९३८ या काळात पाडलेलं. छाप्याला नेटिव्ह अमेरिकन माणसाचा चेहरा, काट्याला बायसन, म्हणजे अमेरिकेतला रानगव्यासारखा प्राणी, तिकडे त्यालाच बफेलो म्हणतात. नाव निकेल असलं तरी धातू ७५ टक्के तांबं आणि २५ टक्केच निकेल, वजन ५ ग्रॅम. जुनी अमेरिकन नाणी जमवणाऱ्या बहुतेकांकडे हे असतंच, आणि माझ्या मते तरी अमेरिकेच्या रोजच्या चलनात इतकं देखणं नाणं दुसरं नाही.

त्याआधीच्या नाण्यांवर तीच ती लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली बाई. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला आपली नाणी दिसायला भिकार वाटायची, म्हणून त्याने शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सला कामाला लावलं आणि १९०७ला सोन्याची नवी नाणी आली. निकेल ज्याने केलं तो जेम्स अर्ल फ्रेझर याच सेंट-गॉडन्सचा असिस्टंट होता. चेहरा कुणा एकाचा नाही, आयर्न टेल, टू मून्स हे नेटिव्ह अमेरिकन सरदार आणि आणखी एक अशी मॉडेल्स एकत्र करून बनवलेला, आणि तो तिसरा मीच असं म्हणणारे पुढे बरेच निघाले. वेंडिंग मशीनमध्ये खोटी नाणी पकडणारं यंत्र बनवणाऱ्या हॉब्स कंपनीने डिझाइन बदला म्हणून बराच घोळ घातला होता, पण शेवटी अर्थमंत्री मॅकव्हे फ्रेझरच्या बाजूने उभा राहिला.

आता दुखणं. सुरुवातीला बायसन मातीच्या उंचवट्यावर उभा होता आणि ‘फाइव्ह सेंट्स’ही त्याच उंचवट्यावर, त्यामुळे अक्षरं पटकन झिजणार हे उघड होतं, म्हणून टाकसाळीचा चीफ एनग्रेव्हर (मुख्य कोरीवकार) बार्बरने त्याच वर्षी उंचवटा कापून अक्षरं खोलगट जागेत घातली, उंचवट्याचा तो टाइप वन, हा टाइप टू. पण साल मात्र माणसाच्या खांद्यावर, तिथेही तेच होणार होतं आणि झालंही, वापरून वापरून लाखो नाण्यांचं साल साफ गेलं. काही जण फेरिक क्लोराईडचा थेंब टाकून साल वर आणतात, दिसतं खरं, पण तिथे खरखरीत डाग राहतो आणि संग्राहक अशा नाण्याला फारसा भाव देत नाहीत. ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून ठरणारा दर्जा, बघताना साल, मग बायसनचं शिंग पूर्ण आहे का ते बघायचं. मिंटमार्क, म्हणजे टाकसाळीची खूण, काट्याला ‘फाइव्ह सेंट्स’च्या खाली, डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया.

सगळ्यात गाजलेलं म्हणजे १९३७चं डेन्व्हरचं तीन पायांचं. डायवरचे, म्हणजे नाण्यावर छाप उठवणाऱ्या साच्यावरचे, डाग घालवायला कुणीतरी तो जास्तच घासला आणि बायसनचा पुढचा एक पाय गायब! याचे बनावट नग ढीगभर, साध्या नाण्याचा पाय खरवडून केलेले. खऱ्यात पोटाखाली बारीक उठावदार ठिपक्यांची रांग दिसते, नुसता पाय नाही म्हणून पैसे मोजू नयेत.

मंदीच्या काळात फिरस्ते लोक हीच नाणी कोरून चेहरा बदलायचे, कधी टोपी, कधी दाढी. अशा नाण्यांना होबो निकेल म्हणतात आणि ती जमवण्याचा छंद वेगळाच आहे.

नवीन माणसाने १९३८चं घ्यावं. त्या वर्षी फक्त डेन्व्हरला पाडली, लोकांनी कोरी करकरीत जपून ठेवली, त्यामुळे न वापरलेलं नाणं याच सालचं सगळ्यात स्वस्तात मिळतं. त्यातच काहींवर एसवर डी ठोकलेला असतो, भिंगाने बघावं.