छोट्या इंजिनावर एफआय : स्वतःहून टेस्टिंगला उतरणाऱ्यांची पार्श्वभूमी

सध्या 100 ते 150 सीसीच्या जुन्या कार्बवाल्या (कार्ब्युरेटरच्या) गाड्यांवर ईएफआय किट, म्हणजे कार्बऐवजी इलेक्ट्रॉनिक हिशोबाने पेट्रोल फवारणारी इंजेक्शन सिस्टीम (थोडक्यात एफआय), बसवून बघायला काही लोक स्वतःहून तयार होतायत, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं आणि रविवारही स्वतःचाच. नवीन माणूस विचारतो की 2020 पासून शोरूममधली जवळपास प्रत्येक बाईक एफआयच आहे, मग जुन्या गाडीच्या मागे कशाला लागायचं. त्यासाठी मागचं थोडं माहीत असलेलं बरं.

फार जुन्यात जात नाही. मोटारीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1967 मध्येच फोक्सवॅगनवर आलं होतं, मोटरसायकलवर 1980 मध्ये कावासाकीच्या झेड 1000 वर. पण छोट्या सिंगल सिलेंडरपर्यंत यायला आणखी वीसेक वर्षं गेली, आणि त्याचं कारण फक्त पैसा नव्हतं. चार सिलेंडरच्या इंजिनात मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळीतला) दाब बऱ्यापैकी स्थिर असतो, सिंगलमध्ये पिस्टन हवा ओढतो तेवढ्यापुरता तो धाडकन खाली येतो आणि लगेच वर जातो, म्हणजे ईसीयूने (एफआयच्या छोट्या कॉम्प्युटरने) नेमकं त्या खड्ड्याच्या तळाशी रीडिंग घ्यायचं, नाहीतर आकडा निव्वळ फालतू. पण हाच खड्डा उपयोगीही पडला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत तो एकदाच येतो, त्यामुळे कुठली फेरी इनटेकची हे कॅम सेन्सर न लावताच कळतं. मला ही युक्ती अजूनही फार आवडते.

स्वतःहून टेस्ट करणाऱ्यांची गोष्ट सुरू होते 2001 च्या आसपास अमेरिकेत. दोन इंजिनिअरांनी मेगास्क्वर्ट नावाचा घरी सोल्डर करता येईल असा कंट्रोलर काढला, लोकांनी एकत्र ऑर्डर देऊन बोर्ड मागवले, आपापल्या गाडीत घातले. पहिल्यात फक्त पेट्रोलचं काम होतं, स्पार्कचा कंट्रोल नंतर आला. खरं काम त्यातल्या टेबलचं होतं, किती आरपीएमला, किती दाबाला किती इंधन. हे टेबल भरायला चालवणाऱ्याशिवाय पर्याय नव्हता, म्हणून माणसं लागली. पुढे आर्डुइनो मेगा या स्वस्त प्रोग्रामेबल बोर्डवर चालणारा स्पीडुइनो आला, खर्च आणखी खाली आला आणि लॉनमोवर, गो-कार्ट, स्कूटरवालेही यात उतरले.

आपल्याकडे रस्त्यावरची छोटी एफआय आली 2006 मध्ये, 125 सीसीच्या ग्लॅमरवर. 2007 मध्ये पल्सर 220 डीटीएस-एफआय, 2008 मध्ये आर15 आणि अपाची आरटीआर 160 एफआय. यातल्या 220 वर थोडं जास्त लिहितो कारण पुण्यात आजही गॅरेजमध्ये बसलं की यावरून वाद होतो.

झालं असं की 2007 ला एफआय म्हणून आलेली 220 ही 2009 मध्ये कार्ब लावून परत आली. किंमत बरीच कमी, आणि पॉवर 20 पीएसवरून 21 वर. लोकांनी सरळ अर्थ काढला, एफआय नापास. "बघा, कंपनीनेच काढून टाकलं" हे वाक्य मी कितीतरी मेकॅनिकांच्या तोंडून ऐकलंय, आणि पुढची दहा वर्षं ते वाक्य छोट्या इंजिनावरच्या एफआयच्या मानगुटीवर बसलं. मला हा अर्थ पटत नाही. एक पीएसचा फरक कार्ब चांगला म्हणून पडला असं धरायला आधार नाही, इंजिनाचं ट्यूनिंगच वेगळं होतं. आणि त्याच काळातली आर15 एफआय घेऊन आली ती आजपर्यंत एफआयच राहिली, 150 सीसी असून. नापास व्हायचं असतं तर तीही झाली असती.

माझ्या मते अडचण गाडीपेक्षा गाडीच्या आजूबाजूला होती. कार्बवाली गाडी मिसिंग मारायला लागली की नाक्यावरचा माणूस बाऊल उघडणार, जेटमध्ये हवा मारणार, मिक्शर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा मागे घेणार, पन्नास रुपयांत काम. एफआयमध्ये त्याच माणसापुढे एक दिवा लुकलुकतो. होंडाची सिस्टीम असलेल्या गाडीत लांब ब्लिंक म्हणजे दहा आणि छोटा म्हणजे एक, मोजून कोड काढायचा, पण हे त्याला सांगितलं कोणी? स्कॅनर तर त्याच्याकडे असणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्यांनी 2006 ते 2009 मध्ये छोट्या एफआय गाड्या घेतल्या ते प्रत्यक्षात टेस्ट रायडरच होते, फक्त त्यांना कोणी तसं विचारलं नव्हतं आणि त्यांचा डेटाही कोणी लिहून ठेवला नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. आणि हो, 2020 मध्ये बीएस-6 (धुराचे कडक नियम) आल्यावर तीच 220 पुन्हा एफआय होऊन आली.

बीएस-6 चं सगळ्यांना माहीत आहेच, 1 एप्रिल 2020. एक गोंधळ मात्र अजून चालू आहे, बीएस-6 म्हणजे एफआयच असं नाही. 100-115 सीसीच्या काही स्वस्त गाड्या इलेक्ट्रॉनिक कार्बवर पास झाल्या, त्यामुळे "माझी बीएस-6 आहे, एफआयचा अनुभव आहे" असं सांगून टेस्टिंगला नाव देणाऱ्यांनी आधी टाकीत पंप आहे का ते बघावं. चावी फिरवल्यावर दोन सेकंद झींऽऽ असा आवाज आला तर आहे.

मग आत्ताच घाई का, तर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. साध्या पेट्रोलला 1 भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त पाहिजे. कार्बचा जेट फिक्स, तो जुन्या हिशोबानेच देत राहतो आणि इंजिन लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालतं. ऑक्सिजन सेन्सर असलेला एफआय हे चालता चालता दुरुस्त करतो. रस्त्यावर अजून कार्बवाल्या गाड्या इतक्या आहेत की हा प्रश्न दोन-चार हौशी लोकांपुरता नाहीच.

टेस्टिंगला गाडी द्यायची म्हणजे काय ते आधी कळू द्या. बेंड पाइपला (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपला) भोक पाडून ऑक्सिजन सेन्सरसाठी नट वेल्ड करावा लागतो. जुन्या 100 सीसीत चार्जिंग हाफ वेव्ह (एसीचा अर्धाच भाग बॅटरीला मिळतो), हेडलाइट थेट एसीवर, बॅटरी अडीच-तीन अँपिअर-अवरची, आणि पंप-इंजेक्टर-ईसीयू मिळून त्यावर सतत लोड. रात्री सिग्नलला आयडलवर उभं राहिलं की व्होल्टेज खाली जातं, इंजेक्टर उशिरा उघडतो, गाडी बंद. त्यामुळे किटच्या आधी कॉइल आणि रेक्टिफायरचं काम निघतं. शिवाय मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आहे, मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकालही त्याच बाजूचा. सीएनजी-एलपीजी किटला मंजुरीची ठरलेली वाट आहे, पेट्रोल ते पेट्रोल एफआय किटचा विचारच तिथे केलेला दिसत नाही. म्हणून शहाणे लोक जुना कार्ब, केबल, पेट्रोल कॉक सगळं पिशवीत नाव घालून ठेवतात, एका दुपारीत गाडी परत होती तशी करता येईल असं.

डेटा सगळ्यात कमी आहे तो घाटाचा. पुणे साधारण 560 मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर, हवा पातळ होते तसा कार्ब रिच (पेट्रोल जास्त) होत जातो आणि किटने ते सांभाळलं का हे पसरणी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस बसवूनच कळतं. थंडीतल्या सकाळचे स्टार्टही हवेत, चोक नसताना पहिल्या किकला लागते का. हाफ वेव्हवाली गाडी, सामान काढून ठेवायची तयारी आणि लॉग फाइल अर्धवट न पाठवणं, एवढं ज्याच्याकडे आहे त्याची गाडी आधी घेतली जाते.