अडीचशे ग्रॅमचा ड्रोन आणि ‘परवानगी लागत नाही’ची अफवा

‘ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे ना? मग बिनधास्त उडवा.’ लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळे हे छातीठोकपणे सांगतात. यातलं अर्धंच खरं आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट लायसन्स लागत नाही. सूट आहे ती उडवणाऱ्याला. आकाश मोकळं झालेलं नाही.

विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच यलो झोन, म्हणजे परवानगी घेऊनच उडवायचा भाग (काही भाग तर रेड, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंदच). यलोमध्ये एटीसीच्या (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या) परवानगीशिवाय उडवायचं नाही, ड्रोन कितीही हलका असो. नकाशावर मुंबईच्या सहार विमानतळापासून मोजून पाहा: वांद्रे, कुर्ला, अंधेरी, अगदी शिवाजी पार्कही त्यातच. जुहू चौपाटीवर ‘समुद्रावर कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांच्या पाठीलाच जुहूचा विमानतळ आहे!

शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडरवर बंदीचे आदेश काढतात. पूर्वी कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. मोडल्यास गुन्हा दाखल होतो. ड्रोन नियमांचा दंड वेगळा, १ लाखापर्यंत. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर या झोनचा नकाशा फुकट बघता येतो. शूटिंगची सुपारी घेण्याआधी तो उघडा, आणि आदेश चालू आहे का तेही पोलीस ठाण्यात विचारा.