लॉरेटा लिन

लिन, लॉरेटा : (१४ एप्रिल १९३२ – ४ ऑक्टोबर २०२२). अमेरिकन कंट्री (ग्रामीण लोकसंगीतातून आलेला गाण्याचा लोकप्रिय प्रकार) गायिका व गीतकार. माहेरचे आडनाव वेब. नवऱ्याचे पिणे, त्याच्यावर डोळा ठेवून असलेली दुसरी बाई, पाठोपाठची बाळंतपणे हे विषय कंट्री संगीताला नवे नव्हते. ते संसारात अडकलेल्या बाईच्या तोंडून आणि समोरच्याला थेट ‘तू’ म्हणून सुनावत मांडले, ही लिन यांची खरी कामगिरी. त्यांची बहुतेक गाजलेली गाणी म्हणजे कुणाशी तरी चाललेले भांडण आहे.

केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात, व्हॅन लिअर या खाणवस्तीजवळच्या बुचर हॉलो नावाच्या अरुंद खोऱ्यात त्यांचा जन्म झाला. वडील मेल्विन वेब कोळशाच्या खाणीत कामाला होते. आठ भावंडांत लॉरेटा दुसऱ्या. सर्वांत धाकटी बहीण पुढे क्रिस्टल गेल या नावाने गायिका म्हणून प्रसिद्ध झाली. वारा आत येऊ नये म्हणून घराच्या लाकडी भिंतींवर मासिकांची पाने चिकटवलेली असत. त्यांतल्या लॉरेटा यंग या चित्रपट-अभिनेत्रीच्या छायाचित्रावरून आईने मुलीचे नाव ठेवले.

१० जानेवारी १९४८ रोजी ऑलिव्हर लिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑलिव्हर यांना सगळे ‘डूलिटल’ म्हणत. हातभट्टीचा माल पोहोचवण्याच्या धंद्यामुळे ‘मूनी’ हेही नाव त्यांना चिकटले होते. लग्नात आपण १३ वर्षांच्या होतो असे लॉरेटा आयुष्यभर सांगत आल्या. २०१२ मध्ये जुनी कागदपत्रे उजेडात आली, तेव्हा त्यांचे वय त्या वेळी जेमतेम पावणेसोळा असल्याचे दिसले. लग्नानंतर हे जोडपे हजारो किलोमीटर दूर, वॉशिंग्टन राज्यात कॅनडाच्या सीमेजवळच्या कस्टर या गावी राहायला गेले. विशी गाठेपर्यंत लॉरेटा यांना चार मुले झाली होती.

मुलांना झोपवताना गाणारी बायको डूलिटल यांनी ऐकली आणि १९५३ मध्ये सीअर्सच्या दुकानातून तिला १७ डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. लॉरेटा ती स्वतःच शिकल्या. गाण्याचे कार्यक्रम मिळवून देणारे, भिडस्त बायकोला मंचावर ढकलणारेही डूलिटलच. ते पीत असत, त्यांची बाहेर प्रकरणे असत आणि घरात हाणामारी होई; लॉरेटा उलटा हात उगारायला कमी करत नसत, असे त्यांनीच सांगितले आहे. तरीही हा संसार १९९६ मध्ये डूलिटल यांचा मृत्यू होईपर्यंत, सुमारे ४८ वर्षे टिकला. जो नवरा गिटार आणून देतो त्याच्याच तक्रारी त्या गिटारीवर गायल्या जातात, आणि त्या गाण्यांचा प्रचारही तोच करतो, असा हा अजब व्यवहार होता.

१९६० मध्ये झिरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने ‘आय ॲम अ हॉन्की टॉन्क गर्ल’ हे त्यांनी स्वतः लिहिलेले गाणे काढले. कंपनीकडे जाहिरातीला पैसा नव्हता. मग नवरा-बायको मोटारीत रेकॉर्ड घालून निघाले आणि वाटेत दिसेल त्या रेडिओ केंद्रात शिरून निवेदकाला ‘एवढे गाणे लावा’ म्हणून गळ घालू लागले. रात्री मोटारीतच झोपत. हे गाणे बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत १४व्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रतिष्ठित रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा गायल्या आणि १९६२ मध्ये तिथल्या सदस्य झाल्या. कंट्री गायक विल्बर्न बंधूंनी त्यांना हाताशी धरले आणि डेका या रेकॉर्ड कंपनीत निर्माते ओवेन ब्रॅडली लाभले. थोरली मैत्रीण मात्र होती कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन. अपघातानंतर क्लाइन रुग्णालयात असताना लॉरेटा यांनी रेडिओवर त्यांच्यासाठी गाणे म्हटले. ते ऐकून क्लाइन यांनी त्यांना बोलावून घेतले. १९६३ मध्ये क्लाइन विमान अपघातात गेल्या. पुढच्या वर्षी लॉरेटा यांना जुळ्या मुली झाल्या, त्यांतल्या एकीचे नाव पॅट्सी.

बहीण पेगी सू हिच्यासह लिहिलेले ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’ (१९६६) हे त्यांचे यादीत अव्वल ठरलेले पहिले गाणे : पिऊन यायचे असेल तर जवळीक मागू नकोस, असा त्याचा सरळ मतलब. ‘फिस्ट सिटी’ (१९६८) मध्ये नवऱ्याच्या मागे लागलेल्या बाईला ठोशांचा दम आहे. पण लेखणीची ताकद पाहायची तर ‘कोल माइनर्स डॉटर’ (१९७०) पाहावे. रात्रभर खाणीत राबून दिवसा मक्याच्या शेतात कुदळ घेणारा बाप. कपडे घासून बोटांतून रक्त येणारी आई. उन्हाळाभर अनवाणी फिरणारी आणि थंडीत टपालाने मागवलेले जोडे मिळणारी पोरे. गाण्यात कुठेही गळा काढलेला नाही. मूळ गाणे बरेच लांब होते. ब्रॅडली यांनी त्यातली काही कडवी कापायला लावली.

‘द पिल’ (ध्वनिमुद्रण १९७२, प्रकाशन १९७५) संततिनियमनाच्या गोळीवर आहे. ते दुसऱ्यांनी लिहिलेले, पण गायले इतक्या ठसक्यात की लिन यांचेच वाटते : वर्षानुवर्षे उबवणीला बसवलेली कोंबडी आता खुराडे मोडायला निघाली आहे. अनेक रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. तरीही ते कंट्री यादीत ५व्या क्रमांकावर पोहोचले. पॉप यादीत ते ७०व्या स्थानी गेले. त्यांच्या एकल गाण्यांत तिथली हीच सर्वांत वरची मजल. लिन स्वतःला स्त्रीमुक्तीवादी म्हणवून घेत नसत. त्यांचे गाणे चळवळीतून नव्हे, स्वयंपाकघरातून आले होते.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कंट्री गायक कॉनवे ट्विटी यांच्यासह गायलेली त्यांची पाच युगुलगीते अव्वल ठरली. मात्र विल्बर्न बंधूंशी बिनसल्यावर गाण्यांच्या प्रकाशनहक्कांवरून कोर्टबाजी झाली आणि लिन यांचे स्वतःचे लिखाण आटले. ऐन भरात असलेल्या लेखिकेचे हे नुकसान तिच्या सन्मानांच्या यादीत दिसत नाही. त्यांच्या १९७६ च्या आत्मचरित्रावरून १९८० मध्ये निघालेल्या चित्रपटात सिसी स्पेसेक यांनी त्यांची भूमिका केली व ऑस्कर मिळवले.

२००४ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, रॉक संगीतकार जॅक व्हाइट यांच्यासह केलेल्या ‘व्हॅन लिअर रोझ’ या अल्बमला दोन ग्रॅमी मिळाले. त्यातली जवळजवळ सगळी गाणी पुन्हा त्यांनीच लिहिलेली. २०१३ मध्ये त्यांना ‘प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले. २०१७ मध्ये पक्षाघात झाल्यावर दौरे थांबले. टेनेसीतील हरिकेन मिल्स येथे, १९६६ मध्ये घेतलेल्या आपल्या मळ्यावर त्यांचे झोपेतच निधन झाले. त्या मळ्यावर त्यांनी बुचर हॉलोतल्या घराची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती, शेजारी एक नकली कोळशाची खाणही.